सक्ती झाली, तासाचं काय? इंग्लंडमधल्या 'सिटिझनशिप' विषयाचं प्रकरण

मार्च 2003. इराकवर हल्ला करायचा की नाही, यावर ब्रिटनच्या संसदेत 18 तारखेला मतदान झालं आणि 412 विरुद्ध 149 मतांनी सरकारचा ठराव मंजूर झाला. त्याच आठवड्यात लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टरमध्ये गणवेशातली मुलं भर शाळेच्या वेळात वर्ग सोडून रस्त्यावर आली. काही थेट संसदेसमोरच्या चौकात जाऊन बसली. शाळांची पंचाईत झाली. हजेरीपटावर लिहायचं काय? बऱ्याच ठिकाणी 'विनापरवानगी गैरहजर' असा शेरा पडला. कुठे मुलांना शाळा सुटल्यावर थांबवून ठेवलं, कुठे काही दिवस घरी बसवलं.

गंमत अशी की त्याच शैक्षणिक वर्षापासून, म्हणजे ऑगस्ट 2002 पासून, इंग्लंडच्या माध्यमिक शाळांत 'सिटिझनशिप', म्हणजे नागरिकत्व, हा विषय कायद्याने सक्तीचा झाला होता. 11 ते 16 वयाच्या प्रत्येक मुलाने तो शिकायचा होता. अभ्यासक्रमाचे तीन भाग होते: माहिती, चौकशी-चर्चेची कौशल्यं, आणि तिसरा भाग 'सहभाग व जबाबदार कृती'. मुलांनी पहिल्याच वर्षी तिसऱ्या भागाचा गृहपाठ करून दाखवला आणि त्याबद्दल शिक्षाही भोगली.

शाळेत नागरिकशास्त्र सक्तीचं करावं का, ही चर्चा निघाली की दोन्ही बाजूंचे लोक असं बोलतात, जणू 'सक्ती' ही विजेच्या बटणासारखी गोष्ट आहे. इंग्लंडने ते बटण दाबून वीस वर्षं उलटून गेली. (फक्त इंग्लंडने, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडचे शिक्षणखाते वेगळे आणि त्यांचे मार्गही वेगळे.) म्हणून हे एकच प्रकरण जरा नीट उलगडून पाहू.

आधीची अवस्था

1988च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडला पहिल्यांदा राष्ट्रीय अभ्यासक्रम मिळाला. त्यात नागरिकत्व हा विषय नव्हता. 1990मध्ये सरकारी मार्गदर्शनातून पाच 'आडवे धागे' जाहीर झाले: आरोग्य, पर्यावरण, करिअर, अर्थ-उद्योगाची समज आणि नागरिकत्व. ते स्वतंत्र शिकवायचे नाहीत, सगळ्या विषयांतून थोडे थोडे शिकवायचे. इतिहासाच्या शिक्षकाने थोडं, भूगोलाच्या शिक्षकाने थोडं, इंग्रजीच्या बाईंनी एखाद्या नाटकाच्या निमित्ताने थोडं. ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सगळ्यांनी करायचं काम कुणाच्याच नावावर नसतं, आणि ज्याची परीक्षा नाही ते मार्च महिन्यात कुणालाच आठवत नाही. धागे कागदावरच राहिले.

1997मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं. शिक्षणमंत्री झाले डेव्हिड ब्लंकेट. शेफील्ड विद्यापीठात त्यांचे एक प्राध्यापक होते बर्नार्ड क्रिक, राज्यशास्त्राचे. हे क्रिक 1970च्या दशकापासून एकच गाऱ्हाणं मांडत होते: शाळेत राज्यघटना शिकवतात, राजकारण शिकवत नाहीत. वरिष्ठ सभागृहात किती सभासद, विधेयकाची किती वाचनं, हे पाठ करून घेतात. पण कुणाला काय हवं आहे, ते कुणाच्या आड येतं आणि वाद कसा मिटतो किंवा का मिटत नाही, यावर बोलत नाहीत. त्यांचा शब्द होता 'राजकीय साक्षरता'. मंत्री झालेल्या विद्यार्थ्याने आपल्या जुन्या सरांनाच समितीचं अध्यक्ष केलं. वशिल्याची ही मला माहीत असलेली सर्वांत निरुपद्रवी तऱ्हा.

समितीत विरोधी पक्षाचे माजी शिक्षणमंत्री केनेथ बेकरही होते. ही चतुराई महत्त्वाची होती, कारण 'सरकार शाळेत आपलं राजकारण घुसवतंय' हा आरोप ठरलेलाच होता. सप्टेंबर 1998मध्ये अहवाल आला आणि त्याने देशाची राजकीय संस्कृतीच बदलण्याची भाषा केली. तीन सूत्रं सांगितली: सामाजिक आणि नैतिक जबाबदारी, समाजकार्यात सहभाग, राजकीय साक्षरता. वेळ किती द्यायचा? एकूण अध्यापनाच्या फार तर पाच टक्के. आठवड्याला पंचवीस तास शिकवणं धरलं, तर सव्वा तास.

अहवाल पुढे गाजला तो घसरत्या मतदानामुळे. 1997च्या सार्वत्रिक निवडणुकीत 71.4 टक्के मतदान झालं होतं, 2001मध्ये ते 59.4 टक्क्यांवर आलं, 1918नंतरचा नीचांक. पंचविशीच्या आतल्यांचं मतदान तर चाळीस टक्क्यांच्याही खाली असल्याचा अंदाज होता. नेत्यांना वाटलं, शाळेत शिकवलं की पोरं मतदानाला येतील. शाळेवर टाकलेली ही अपेक्षा मला पहिल्यापासूनच अवाजवी वाटते. 2001मध्ये घरी बसलेल्या प्रौढांना 1992मध्ये मतदान कसं करायचं ते माहीत होतंच की.

गुरुजींनी मत सांगावं का?

अहवालाचा सर्वांत कसदार भाग वादग्रस्त विषयांबद्दलचा आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. कायदा आधीच होता: 1996च्या शिक्षण कायद्यानुसार शाळेत पक्षीय प्रचार करायला मनाई आहे आणि राजकीय विषय निघाला तर दोन्ही बाजूंची संतुलित मांडणी व्हावी, याची जबाबदारी शाळेवर आहे. भित्रा शिक्षक यातून एकच अर्थ काढतो: विषयच काढू नका.

क्रिक समितीने शिक्षकासमोर तीन भूमिका ठेवल्या. एक, तटस्थ सभापती: स्वतःचं मत अजिबात सांगायचं नाही, चर्चा फक्त चालवायची. दोन, संतुलन राखणारा: जी बाजू वर्गात लंगडी पडते आहे ती स्वतः उचलून धरायची, मग ती आपल्याला पटो न पटो. तीन, मत उघड सांगणारा: 'माझं मत हे आहे, आता ते खोडून दाखवा' म्हणायचं.

ऐकायला हे प्रशिक्षण शिबिरातल्या तक्त्यासारखं वाटतं. प्रत्यक्ष वर्गात घालून पाहा. प्रश्न घेऊ, मतदानाचं वय सोळा करावं का? पंधरा वर्षांची तीस मुलं. पहिल्या पाच मिनिटांत अठ्ठावीस हात 'हो'च्या बाजूने. तटस्थ सभापती इथे हतबल होतो, कारण चर्चा चालवायला चर्चा तरी हवी. मग शिक्षक दुसऱ्या भूमिकेत जातात: 'सोळाव्या वर्षी तुम्हाला एकट्याने करार करता येत नाही, मग सरकार कसं निवडता येईल?' वर्ग चिडतो. मागच्या बाकावरून उत्तर येतं, 'पण सोळाव्या वर्षी कामावर गेलो तर कर कापतातच ना!' आता कुठे वर्ग सुरू झाला. आणि तेवढ्यात ठरलेला प्रश्न येतो, 'सर, तुमचं मत काय?' इथे तिसरी भूमिका घ्यावी की हसून टाळावं, हे त्या वर्गाशी त्या शिक्षकाचं नातं कसं आहे त्यावर ठरतं. अहवालाने तिन्हींपैकी एकच वापरा असं सांगितलं नाही. प्रसंग पाहून तिन्ही वापरता आल्या पाहिजेत, असा त्याचा रोख होता. हे कौशल्य आहे आणि ते आपोआप येत नाही. गणिताच्या शिक्षकाला घातांक जसे शिकून यावे लागतात, तसं हेही शिकून यावं लागतं.

मग शिकून आलेले शिक्षक किती होते? सिटिझनशिपची स्वतंत्र शिक्षक-पदविका 2001च्या सुमारास सुरू झाली. वर्षाला जागा साधारण दोनशेच्या घरात. इंग्लंडमध्ये सरकारी माध्यमिक शाळा तीन हजारांहून जास्त. भागाकार करा: कुणीही नोकरी सोडली नाही, कुणीही निवृत्त झालं नाही, तरी प्रत्येक शाळेत एक प्रशिक्षित शिक्षक पोचायला पंधरा वर्षं.

वीस मिनिटांची गोष्ट

सरकारने जाणूनबुजून हात सैल ठेवला होता. काय शिकवायचं ते चार पानांत मावेल इतकं थोडक्यात सांगितलं. कसं, किती वेळ, कुणी, हे शाळेवर सोडलं. क्रिक यांनाही हे मान्य होतं. वरून सगळं लादलं तर शाळा बिथरतील ही भीती खरी होती. पण प्रकरण बिघडलं ते इथेच, असं माझं मत आहे.

एखाद्या मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून पाहा. वेळापत्रक गच्च भरलेलं. नवा विषय सक्तीचा झालाय, पण शाळेच्या जाहीर निकालात त्याचा गुण धरत नाहीत. नवा तास काढायचा तर कुणाचा तरी कापावा लागेल, आणि ज्याचा कापाल तो विभागप्रमुख दुसऱ्या दिवशी दारात उभा. सोपी वाट तीच, जी बहुतेकांनी धरली. शाळेत आधीपासून आरोग्य, व्यसनं, लैंगिक शिक्षण, नातेसंबंध यांचा एक एकत्रित तास होता. त्यात नागरिकत्व घालून टाकलं. काहींनी सकाळी वर्गशिक्षकाच्या वेळात बसवलं. काहींनी वर्षातून दोन दिवस 'नागरिकत्व दिन' पाळून कर्तव्य उरकलं.

वर्गशिक्षकाची ती वेळ म्हणजे काय? घड्याळात वीस-पंचवीस मिनिटं. हजेरीला तीन. गणवेशाच्या टायवरून एकाला झापायला एक. सहलीच्या पैशांची आठवण, हरवलेल्या कोटाची सूचना, कुणीतरी उशिरा येतं, दार वाजतं. मग शिक्षक, जे मुळात रसायनशास्त्राचे आहेत, कपाटातून छापील पत्रक काढतात: 'स्थानिक परिषदेची पाच कामे लिहा.' मुलं लिहितात. घंटा होते. पत्रक वहीत अर्धवट चिकटवलं जातं. यातल्या कुणाचंच काही चुकलेलं नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने विषय शिकवून झालेला आहे.

शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेडच्या अहवालांची नावंच पाहण्यासारखी आहेत. 2006चं नाव होतं 'सहमतीच्या दिशेने?', 2010चं 'नागरिकत्व रुजलं?' आणि 2013चं 'नागरिकत्व पक्कं झालं?' तिन्हींच्या शेवटी प्रश्नचिन्ह. सक्तीच्या विषयाच्या सलग तीन अहवालांना प्रश्नचिन्ह लागावं, यातच सगळं आलं. 2006मध्ये पाहणी केलेल्या शाळांपैकी एक चतुर्थांश शाळांत हे काम असमाधानकारक आढळलं. कारणं म्हणून कमकुवत नेतृत्व आणि विषयाच्या शिक्षकांचा अभाव नोंदवला गेला. पुढच्या दोन अहवालांत सुधारणा दिसते, पण शाळाशाळांतली तफावत काही मिटत नाही.

इथे एक आडवळण घेतो. याच क्रिक यांनी पुढे ब्रिटनचं नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी माणसांनी काय शिकावं, यासाठीच्या समितीचंही अध्यक्षपद भूषवलं आणि 2005पासून त्यांच्यासाठी परीक्षा सुरू झाली: 24 प्रश्न, 45 मिनिटं, निदान 18 बरोबर यायला हवेत. म्हणजे बाहेरून येणाऱ्याला काटेकोर परीक्षा, आणि देशात जन्मलेल्या मुलाला शाळेच्या मर्जीवर. मुलांसाठी अर्ध्या विषयाइतकी जीसीएसई (सोळाव्या वर्षी द्यायची शालान्त परीक्षा) होती खरी, पण ती ऐच्छिक. पूर्ण परीक्षा 2009मध्ये आली.

आठवड्याची 45 मिनिटं

सरकारने एक काम मात्र फार शहाणपणाने केलं. विषय सुरू होतानाच दीर्घ पाहणी लावून दिली. 2002-03मध्ये अकरा वर्षांची असलेली मुलं 2009मध्ये अठराची होईपर्यंत राष्ट्रीय शिक्षण संशोधन संस्थेने त्यांचा माग ठेवला. शिक्षणातली धोरणं सहसा आधी राबवतात आणि मग हात वर करतात, त्यामानाने हे दुर्मिळच.

2010च्या शेवटच्या अहवालात निष्कर्ष आला की ज्या मुलांना हा विषय भरपूर मिळाला, त्यांची पुढे मतदान करण्याची, सार्वजनिक कामात उतरण्याची आणि आपल्या बोलण्याने फरक पडतो असं वाटण्याची शक्यता जास्त. परिणाम कुठे दिसला तेही सांगितलं: वेळापत्रकात स्वतंत्र तास आणि तोही आठवड्याला 45 मिनिटांहून जास्त, जबाबदारी त्याच विषयाच्या समन्वयकाकडे, मुख्याध्यापकाचा पाठिंबा, आणि शेवटी परीक्षा. योगायोगच म्हणायचा, परदेशी माणसाच्या परीक्षेचीही तेवढीच मिनिटं.

हा निष्कर्ष मी डोळे मिटून घेत नाही. 'किती शिकवलं' हे मुलांनी स्वतःच सांगितलेलं आहे. ज्याला विषयात रस, त्याला तो जास्त आठवणार. शिवाय ज्या शाळेत स्वतंत्र तास, समन्वयक आणि पाठीशी उभा राहणारा मुख्याध्यापक आहे, ती शाळा बाकी बाबतींतही बरी असण्याचा संभव मोठा. पण शंका धरूनही एक गोष्ट उरतेच. ज्या गोष्टींनी फरक पडला त्यांतली एकही कायद्यात लिहिलेली नव्हती. कायद्यात होता फक्त विषय.

परीक्षेबद्दल माझं मन द्विधा आहे. परीक्षा नसली की विषयाला घरात कुत्रं विचारत नाही, हे खरं. पण परीक्षा आली की काय होतं, तेही इथेच पाहायला मिळतं. आधीच्या परीक्षेत मुलांनी गावात, शाळेत प्रत्यक्ष केलेल्या उपक्रमाला वेगळे गुण होते. 2016पासून शिकवल्या जाणाऱ्या नव्या आराखड्यात सगळे गुण लेखी पेपरला गेले. उपक्रम करायचाच, पण त्याबद्दलचे प्रश्न पेपरात. म्हणजे बसथांब्यावर छप्पर मिळावं म्हणून मुलांनी परिषदेला पत्रं लिहिली, तर छप्पर मिळालं की नाही याला गुण नाही. त्याबद्दल परिच्छेद बरा लिहिला की आहे.

विषयाला जो तो आपलं ओझं बांधतो

7 जुलै 2005ला लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले. हल्लेखोर ब्रिटनमध्येच वाढलेले होते. माजी मुख्याध्यापक कीथ अजेग्बो यांच्या 2007च्या अहवालानंतर अभ्यासक्रमात ओळख आणि वैविध्य हे चौथं सूत्र आलं. 2014मध्ये बर्मिंगहॅमच्या काही शाळांत कट्टर इस्लामी विचार शिरल्याच्या आरोपावरून वादळ उठलं, आणि सरकारने सगळ्या शाळांना 'मूलभूत ब्रिटिश मूल्यं' रुजवायला सांगितलं: लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, परस्पर आदर आणि सहिष्णुता. या शब्दांचा उगम दहशतवादविरोधी धोरणातला. बऱ्याच शाळांत त्यांचा एक रंगीत तक्ता भिंतीवर लागला आणि तपासणीला आलेल्या माणसाला दाखवायची सोय झाली. त्याच वर्षी लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात सिटिझनशिप टिकलं, पण बारीक होऊन, आणि त्यात पैशांचं नियोजन आलं. घरखर्चाचं अंदाजपत्रक मुलाला यायला हवंच. ते याच विषयात का, याचं उत्तर 'दुसरीकडे जागा नव्हती' एवढंच असावं.

टिकलं हेही नशीबच. 2011मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी ते राष्ट्रीय अभ्यासक्रमातून काढावं, असंच सुचवलं होतं. त्याहून मोठं खिंडार भलतीकडेच पडलं. 2010च्या कायद्यानंतर शाळा झपाट्याने 'अकादमी' होत गेल्या. अकादमी म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण स्थानिक परिषदेच्या ताब्याबाहेरची शाळा. तिला राष्ट्रीय अभ्यासक्रम बंधनकारक नाही. आज दहापैकी आठ माध्यमिक शाळा अकादमी आहेत. सक्तीचा कायदा रद्द झाला नाही. तो ज्यांना लागू होता त्या शाळाच सरकून गेल्या. 2018मध्ये वरिष्ठ सभागृहाच्या समितीने या शिक्षणाची अवस्था शोचनीय झाल्याचा ठपका ठेवला, तेव्हा क्रिक जाऊन दहा वर्षं होत आली होती.

पुन्हा एकदा

जुलै 2025मध्ये सरकारने मतदानाचं वय सोळा करण्याचा निर्णय जाहीर केला. नोव्हेंबरमध्ये शिक्षणतज्ज्ञ बेकी फ्रान्सिस यांच्या समितीने अभ्यासक्रमाचा अहवाल दिला आणि सिटिझनशिप प्राथमिक शाळेतही सक्तीचं करावं, असं सुचवलं. सरकारने ते मान्य केलं. अकादमींनाही राष्ट्रीय अभ्यासक्रम लागू करण्याचं कलम सरकारने वेगळ्या विधेयकात घातलं आहे. म्हणजे खिंडार बुजवायचं काम हाती घेतलंय. नव्या अभ्यासक्रमाचं अध्यापन सप्टेंबर 2028पासून सुरू करायचं ठरलं आहे.

आता जरा बोटांवर मोजू. पुढची सार्वत्रिक निवडणूक फार तर ऑगस्ट 2029च्या मध्यापर्यंत व्हायला हवी. तेव्हा नुकतीच सोळा वर्षं पूर्ण केलेलं मूल 2013चं. सप्टेंबर 2028मध्ये ते शाळेच्या अकराव्या वर्षात, म्हणजे जीसीएसईच्या वर्षात असेल. प्राथमिक शाळा त्याने कधीच मागे टाकलेली. नवा विषय त्याच्या वाट्याला आला तर एकच वर्ष येणार, आणि त्या वर्षी गणित-इंग्रजीची उजळणी सोडून कुठलाही तास कापायला मुख्याध्यापक तयारच असतात.